चिंचेनं घासलेले हंडे

भागूबाईनं आपल्या नवऱ्याचा चढा आवाज जन्मात एकदाच ऐकला, आणि तोही माशांपायी.

भोरचं संस्थान मोडलं त्या वर्षीचा उन्हाळा होता. भागूबाई आतल्या खोलीत जात्याशी बसली होती. ओटीवर तिचा नवरा रायबा आणि त्याचा चुलतभाऊ हैबती बोलत होते. बायकांनी पुरुषांचं बोलणं ऐकू नये म्हणतात, पण मधल्या कुडाला एवढी भोकं होती, की न ऐकायचं म्हटलं तरी उपाय नव्हता.

"दादा, घरात नाचणीचा दाणा न्हाई आन तू रोज मूठभर भात पाण्यात टाकतूस," हैबती म्हणत होता. "डोहात हातहातभर मासा लोळतुया. एक डाव जाळं टाकलं तर आक्खी वाडी चार दिस पोटभर जेवंल."

"त्यो आसरांचा मासा हाय."

"आसरांनी काय कागद करून दिलाय व्हय तुला? तिकडं भोरात राजाचं राज गेलं, आन तुजा डोह आजून देवाचाच!"

मग ओटीवर नुसता अडकित्ता वाजत राहिला. भागूबाईला वाटलं, मिटलं. तिनं जात्यात पुढची मूठ घातली, तेवढ्यात ओटीवर रायबा असा ओरडला, की परसातल्या कोंबड्या उडाल्या.

"जाळं घिऊन डोहावर आलास ना हैबत्या, तर त्यात आदी मला घालून न्ह्यावं लागंल!"

भागूबाईच्या हातातला खुंटा तिथंच थांबला. बैलाला हाक मारतानाही ज्याचा आवाज शेजारच्या खाचरात जायचा नाही, तो हा माणूस? ती उठून दाराशी आली तोवर हैबती अंगणाबाहेर पडलाही होता. रागात पायतानं विसरून गेला होता. दुसऱ्या दिवशी ती न्यायला आला, तेव्हा दोघंही भाऊ पावसाच्या गोष्टी बोलले. पुरुषांचं भांडण असंच असतं. मिटत नाही, नुसतं झाकून ठेवतात.

आता हा डोह कुठला, ते सांगायला हवं. पासलीच्या अलीकडे नदीच्या वळणावर उंबराची वाडी म्हणून बारा-पंधरा घरांची वस्ती होती. वाडीखाली नदी जिथं वळते तिथं हा डोह. काठावर शेंदूर फासलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या बायका. डोहातले मासे त्यांची लेकरं, म्हणून त्यांना कोणी धरायचं नाही, पोरांनी खडासुद्धा मारायचा नाही. आणि रोज सकाळी त्यांना मूठभर भात घालायचा, ते काम रायबाच्या घराकडे. कोणत्या पणज्यानं ते अंगावर घेतलं होतं, कोणाला ठाऊक नव्हतं. अशा कामाला नाही म्हणता येत नाही, आणि का करतो तेही सांगता येत नाही.

बावन्न साली रायबा तापानं गेला. तेराव्या दिवशी पाहुणे पांगले. भागूबाई दुसऱ्या दिवशी उठली, सवयीनं भात केला, खाणारं कोणी नाही हे भात उतरवताना तिच्या ध्यानात आलं. लेक मुळशीकडे दिलेली, मुलगा झालाच नव्हता. ती तशीच मूठ घेऊन डोहावर गेली. पाण्यात हात घातला, तर मासे येऊन बोटांना तोंडं लावू लागले. कोणी अडवलं नाही, कोणी सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते काम तिचं झालं. वाडीतली कोंडाबाई, तिची शेजारीण, तिला म्हणायची, "आक्का, दुसऱ्यांच्या घरी नातवंडं, तुज्या घरी मासं. एका परीनं बरं हाय, रडत तरी न्हाईत."

छप्पन सालच्या पावसाळ्यात नदी वेड्यासारखी आली. भर दुपारी, सगळी वाडी काठावर उभी असताना, वळणावरचा काठ मोडला. कोणी भाकरीचा काठ मोडावा तसा मोडला. हैबतीची दोन खाचरं, त्यात गुडघाभर भाताचं रोप उभं, सबंधच्या सबंध खाली उतरली आणि पाण्यात गेली. रोपं पाण्यावरसुद्धा थोडा वेळ उभीच होती. हैबतीचा चेहरा उतरला. त्याच्या बायकोनं तोंडावर पदर घेतला, पण रडायला तिला सुचलंच नाही, नुसती बघत राहिली. भागूबाईचं अर्धं खाचरही त्यात गेलं. संध्याकाळी ती उरलेल्या अर्ध्याच्या कडेला गेली आणि वाकून खाली बघितलं, तर काल जिथं तिनं खुरपं टेकलं होतं तिथं नदी वाहत होती.

म्हणून काठाला दगडी ताल घालायची, म्हणजे माती धरून ठेवणारी भिंत बांधायची, असं ठरलं तेव्हा भागूबाईनं नको म्हटलं नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे लोक म्हणायला लागले, म्हातारी भिंतीच्या आड आली. ती आड आली नव्हती. तिलाही आपलं उरलेलं अर्धं खाचर हवंच होतं.

हैबती तोवर पंचायतीत बसायला लागला होता. त्यानं वेल्ह्याच्या कचेरीत खेटे घातले, अर्ज केले, साहेबाच्या खुर्चीमागच्या भिंतीचा रंग त्याला पाठ झाला म्हणे. शेवटी काम मंजूर झालं. दगड सरकार देणार, अंगमेहनत वाडीची. सत्तावन्नच्या वैशाखात एक तरुण ओव्हरसेर आला, डोक्यावर हॅट आणि पायात असे बूट, की वाटेवरची वासरं बुजली. त्याच्या मागून बैलगाडीवर एक लोखंडी इंजिन आलं. पाणी उपसायचं इंजिन वाडीनं तोवर पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी त्याला लांबूनच हात जोडले. म्हटलं, देव असो की दैत्य, हात जोडलेले बरे.

ओव्हरसेरानं काठावर सगळ्यांना गोळा केलं आणि समजावून सांगितलं. भिंतीचा पाया खडकापर्यंत न्यायचा, खडक आहे डोहाच्या तळाशी, म्हणून आधी डोह कोरडा करायचा. परवा सकाळी इंजिन सुरू. तीन दिवसांत डोह आटला पाहिजे, पावसाच्या आत पाया वर आला पाहिजे.

भागूबाई बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. तिला वाटलं, आता कोणीतरी विचारील. कोणी विचारलं नाही. मग तिनंच पदर नीट केला आणि म्हणाली,

"आन मासं?"

"कसले मासे?"

"डोहातलं."

ओव्हरसेर हसला. मुलगा वाईट नव्हता, सांगली-मिरजेकडचा होता, त्याला काय ठाऊक. तो म्हणाला, "अहो आजी, ते तुमचेच. पाणी उतरलं की हातानं उचला. सगळ्या वाडीला मेजवानी!"

काठावरच्या म्हाताऱ्यांनी कानांना हात लावले. ओव्हरसेराला कळेना, आपण असं काय बोललो. त्यानं हैबतीकडे बघितलं. आणि हैबती, ज्यानं एकदा ह्याच माशांवर जाळं टाकायची भाषा केली होती, तो खाली मान घालून पायानं माती उकरत होता. बोलणं वेगळं, आणि समोरच्यानं तेच आपल्याला वाढून ठेवणं वेगळं.

भागूबाई घोळक्यातून पुढं आली. ती हैबतीपुढे जाऊन उभी राहिली. "भावजी, ताल तुमची घाला. पर मासं मरता कामा न्हाई."

"वैनी, मग काय करू? नदी डोक्यावर घिऊ?"

"मासं वर कोंडीच्या डोहात न्हिऊन सोडते. उद्याचा एक दिस द्या मला."

कोंडीचा डोह अर्ध्या कोसावर, वर धनगरवाड्याच्या पायथ्याशी, कपारीत. उन्हाळ्यातही त्याचं पाणी हलत नाही. हैबतीनं तिच्याकडे बघितलं, मग इंजिनाकडे बघितलं. "उद्या दिस बुडंस्तवर," तो म्हणाला. "परवा सकाळी विंजान चालू व्हणार, आन त्येला माजं ऐकायचं कुणी सांगितलेलं न्हाई."

त्या संध्याकाळी भागूबाई घरोघर फिरली. आठ बायका तयार झाल्या. कोणी आसरांच्या भीतीनं, कोणी भागूबाईच्या प्रेमानं, आणि कोंडाबाई म्हणाली, घरात सुनेशी बोलण्यापेक्षा मासे वाहिलेले बरे.

आणि इथंच भागूबाईनं ते केलं. तिनं प्रत्येकीला बजावलं, "तांब्याचं हंडं आणा. आन घासून आणा, चिच आन राख लावून. आसरांची लेकरं हायती, ती खरकट्या भांड्यातनं न्ह्यायची न्हाईत."

हे सांगताना तिचा ऊर भरून आला होता. रायबा असता तर म्हणाला असता, नीट सांगितलंस. तिनं स्वतःचा लग्नातला हंडा काढला, माहेरचा, मूठभर चिंच घेऊन एकदा घासला, आणि समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्यांदा घासला. सूर्य मावळायच्या आधी तो ओसरीवर ठेवला, तर त्यात तिला आपलं तोंड दिसलं. इतकं म्हातारं झालेलं बघून ती दचकलीच. पण हंडा छान दिसत होता.

सकाळी नऊ हंडे डोहाच्या काठावर ओळीनं लागले. लग्नघरासारखे चमकत होते. दोघीदोघी लुगड्याचं टोक धरून पाण्यात शिरल्या. लुगडं पसरायचं, वर भाताची शितं टाकायची, मासे आले की अलगद उचलायचं. कधी न भिणारे मासे ते. माणसाच्या हाताला भ्यायला त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. धरायला काही त्रास पडला नाही. वीतभर, दीड वीतभर लांबीचे, पाठीवर सोनेरी खवले, हंड्यात पडले की शेपटीचा फटका घणकन वाजायचा. बायका हसायला लागल्या.

इतक्यात वरून धनगरवाड्याची फुलाबाई आली. रोज दूध-ताक घेऊन वाडीत यायची. डोक्यावर काळंकुट्ट मडकं, बाहेरून शेवाळाची हिरवी साय चढलेली, कधीपासून धुतलं नव्हतं देव जाणे. ताक विकून झालं होतं. काय चाललंय ते तिनं ऐकलं आणि लुगडं खोचून उभी राहिली.

"आक्का, म्या पण येते. हे मडकं विसळून घेते."

कोंडाबाई म्हणाली, "बया, ह्या मडक्यातनं? ह्याला तर वास मारतुया. आसरा पळून जातील!"

बायका हसल्या. भागूबाई हसली नाही, पण तीही म्हणाली, आणि ते तिला पुढे जन्मभर टोचत राहिलं, "फुले, तू आपली शेवटाला चाल. काठाची बारकी मासळी घे, मुऱ्या-बिऱ्या. मोठं मासं हंड्यातनंच जाऊ दे."

फुलाबाईनं मडकं नदीत विसळलं, काठालगतची बारकी मासळी ओंजळीनं भरली, आणि जाताजाता चुकून लुगड्यातून निसटलेला एक मोठा मासाही तिच्या मडक्यात पडला. तो काढून घ्यायला कोणी थांबलं नाही.

बायका निघाल्या. डोक्यावर हंडा, वर वैशाखाचं ऊन, पायाखाली तापलेली वाट. अर्धा कोस म्हणजे फार नाही, पण पाणी हिंदकळू न देता चालायचं म्हणजे पाय मोजून टाकावा लागतो. वाटेत आधी फटके ऐकू येत होते. मग ते कमी झाले. कोंडाबाई म्हणाली, "निवांत झालं गं, निजलं."

कोंडीच्या डोहाशी पोचल्यावर भागूबाईनं हंडा उतरवला. काठावर बसून तो पाण्याकडे कलता केला.

पांढरं पोट वर करून एक मासा बाहेर आला. मग दुसरा. तिसरा. वाळवणातले पापड सरकावे तसे सुळकन आले आणि पाण्यावर आडवे पडले. भागूबाईनं एकाला बोटानं ढोसलं, जागा होतो का म्हणून. तो नुसता फिरला आणि पुन्हा पोट वर करून थांबला.

"आक्का," कोंडाबाई बारीक आवाजात म्हणाली. तिनं आपला हंडा ओतला होता. तिचेही तसेच.

तिसरीनं ओतला. चौथीनं नुसतं वाकून हंड्यात बघितलं आणि ओतलाच नाही, तिथंच खाली बसली. नऊ हंडे. पन्नासाच्या वर मासे. पणज्यापासून भात खाल्लेले, माणसाच्या बोटाला तोंड लावणारे मासे. भागूबाईला रडू आलं नाही, ओरडावंसं वाटलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की इंजिन उद्या चालू व्हायचं आहे. इंजिन अजून चालूच झालेलं नाही. मग हे कोणी मारले?

"कोप झाला," कोणीतरी म्हणालं. "आसरांचा कोप. आपली लेकरं त्यांनी सोताच न्हेली."

"कोपच," कोंडाबाई म्हणाली. "ते घाणेरडं मडकं संगं घेतलं, तवाच मला..."

तेवढ्यात फुलाबाई आली. सगळ्यांच्या मागं राहिली होती, आणि काय झालंय हे तिला ठाऊक नव्हतं. "आक्का, कुटं वतू?" म्हणत तिनं मडकं उतरवलं, आणि ते काठावर टेकायच्या आत त्यातून तो मोठा मासा उसळी मारून बाहेर आला, तिच्या खांद्यावर आपटला, आणि डोहात पडून नाहीसा झाला. मागोमाग बारकी मासळी, जिरे ओतावे तशी, सळसळत गेली. एकही पोट वर करून राहिली नाही.

कोंडाबाईचं तोंड उघडंच राहिलं होतं. फुलाबाई एकदा ह्या बायकांकडे आणि एकदा पाण्यावरच्या पांढऱ्या पोटांकडे बघत होती. "आगं बया बया," ती म्हणाली, "ह्ये काय झालं?"

भागूबाईनं आपल्या हंड्यात हात घातला. तळाला ओंजळभर पाणी उरलं होतं. तिनं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. जीभ धरली. आंबट, आणि आंबटाच्या मागून ती तांब्याची कडवट चव, गाल आत ओढणारी. ती चव तिला ओळखीची होती. वाडीतल्या प्रत्येक बाईला ओळखीची होती.

"कोंडे," ती म्हणाली, "तांब्यात ताक ठिवतीस का तू?"

"ताक? तांब्यात कशाला ठिवू? कळकंल की."

म्हणाली आणि तिनंच हंड्यावरचा हात काढून घेतला. नऊच्या नऊ बायकांनी आपापल्या हंड्यात बघितलं. ताक तांब्या-पितळेत कळकतं, धातू त्यात उतरून त्याचं विष होतं, आमटी कळकते, आंबट घातलेलं भांडं तर लगेच. सासूनं पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. ज्या भांड्यात ह्या बायका उरलेलं ताक ठेवत नव्हत्या, त्यात त्यांनी चिंच घासून जीव ठेवले होते. वर नऊजणींपैकी एकीलाही शंका आली नाही. देवाच्या कामाला डोकं लावू नये असं समजून सगळ्यांनी ते घरीच ठेवलं होतं.

"म्या मारलं," भागूबाई म्हणाली. "आसरांनी न्हाई. फुलीनं न्हाई. म्या दोनदा घासला."

सूर्य डोक्यावर आला होता. खालच्या डोहात अजून शे-दोनशे मासे होते आणि हातात अर्धा दिवस. भागूबाई उठली, आणि जिला तिनं सकाळी शेवटाला चालायला सांगितलं होतं तिच्यापुढे गेली.

"फुले, तुज्या वाड्यावर मडकी किती?"

"काळी? घरटी दोन-चार असत्याल."

"मागायला कोणत्या तोंडानं येऊ?"

फुलाबाईनं तिच्याकडे बघितलं. "तोंड राहू दे आक्का," ती म्हणाली, "तुमी मासं धरा. मडकी म्या आणते." आणि ती चढावर पळाली, ह्या वयात, रिकामं मडकं काखेत धरून.

दोन घटकांत धनगरवाड्याच्या सात बाया उतरल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एक आणि कमरेवर एक काळं मडकं. ह्या बाया कधी आसरांच्या डोहावर आल्या नव्हत्या. त्यांना कोणी ये म्हटलं नव्हतं. त्या काठावर थबकल्या. भागूबाईनं एकीच्या हाताला धरून तिला पाण्यात उतरवलं, तेव्हा बाकीच्या उतरल्या. वाडीच्या बायकाही घरी पळाल्या, न्हाणीतली जुनी मडकी, बी-बियाण्याची गाडगी, जे मातीचं असेल ते उचलून आल्या. कोंडाबाईनं सुनेच्या ताब्यातलं दह्याचं मडकं रिकामं करून आणलं. दही कोणाला दिलं कोण जाणे. घरी गेल्यावर त्याचं काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही.

ह्या वेळी भागूबाईनं मडक्यात पाण्याआधी हात घातला, बोट चाखलं, मगच मासा घातला. एका मडक्यात दोनच. वर पळसाचं पान.

खरी पंचाईत झाली मोठ्या माशांची. हातापेक्षा लांब, मडक्यात न मावणारे असे सहा होते. तेव्हा हैबती आला. त्याला कोणीतरी मेलेल्या माशांचं सांगितलं होतं. तो वर कोंडीच्या डोहाशी जाऊन सगळं बघून आला होता. त्याचा चेहरा उतरला होता, छप्पन सालच्या त्या दुपारी होता तसा.

"वैनी," तो म्हणाला, "खड्डा खणला म्या. वर, कोंडीपाशी. झाकलं त्येनला."

भागूबाईनं हातानंच पाण्यातले ते सहा मासे दाखवले. हैबतीनंच इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "गुरांची डोण आणतो."

झाडाचं खोड कोरून केलेली ती डोण. तिच्यातून गुरं पाणी पीत. चौघांनी ती खांद्यावर घेतली, पुढे हैबती, आत पाणी आणि सहा मोठे मासे, आणि पाणी सांडू नये म्हणून चौघंही एका तालात पाय टाकत निघाले. ओव्हरसेर इंजिनाला तेल घालत होता. त्यानं डोकं वर केलं.

"काय हो हैबतराव, कोण गेलं?"

"कोण न्हाई गेलं सायेब," हैबती घाम पुसत म्हणाला. "राहायला चालल्यात. बिऱ्हाड बदललंय."

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा सगळे गेले नव्हते. थोडे तळाशी, कपारीत राहिलेच. सकाळी इंजिन सुरू झालं. त्याचा आवाज ऐकून पहिल्यांदा गाई दावी तोडून पळाल्या, मग देवळातलं वटवाघूळ दिवसा उडालं. तिसऱ्या दिवशी डोह रिता झाला. तळ बघून सगळ्या वाडीला धक्का बसला. केवढा खोल वाटायचा, पुरुषभरसुद्धा नव्हता. तळाला चिखल, खेकडे, एका जुन्या वरवंट्याचा अर्धा तुकडा, आणि चाळीसेक मासे. भागूबाईनं आणि फुलाबाईनं ते गुडघाभर चिखलातून वेचले. ओव्हरसेरानं त्या वेळी इंजिन अर्धा तास बंद ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. नंतर म्हणाला, तेल तापलं होतं.

ताल उभी राहिली. गवंडी एकेक दगड बेमालूम बसवत होता, तेव्हा भागूबाई रोज येऊन बसायची आणि म्हणायची, "बाबा, पाण्याच्या बाजूला जागोजागी फट सोड की. मासं राहणार कुटं?" गवंड्यानं पहिल्यांदा ऐकलं नाही. मग ओव्हरसेरानंच सांगितलं, मागचं पाणी निघायला भोकं लागतातच, जरा खाली सोड. भागूबाईला वाटलं तिचं ऐकलं. असू दे. भोकं तर राहिली.

आणि ऐका गंमत. मृग लागला, नदी वाहती झाली, आणि पंधरा दिवसांत अर्धे मासे आपले आपण खालच्या डोहात परत आले. भागूबाई भाताची मूठ घेऊन आली ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "आमी डोक्यावर वाहून मेलो," ती म्हणाली, "आन हे बिनपायाचं सोताच्या पायानं आलं." तरी ज्यांनी खाली यायचं नाही असं ठरवलं, ते कोंडीत राहिले. त्यांना फुलाबाई घालायची, भाताऐवजी नाचणीची भाकरी कुस्करून. त्यांना फरक कळला असेल असं वाटत नाही.

गोष्ट पसरली. मेलेल्या माशांची आधी, मग मडक्यांची. पुढच्या दोन-तीन वर्षांत कुठं ओढ्याचा काठ बांधायचा असला, कुठं फरशीचा पूल टाकायचा असला, की माणूस यायचा, मावशी, जरा येऊन जाता का. भागूबाई जायची. लग्नातला हंडा तिनं पुन्हा वापरला नाही, विकलाही नाही. उपडा घालून ठेवला तो तसाच काळा पडत गेला. कोणी विचारलं, मावशी, मासे कसे न्यायचे, तर ती पहिल्यांदा ते पन्नास मासे कसे मारले ते सांगायची. ते न ऐकता कोणाला पुढचं ऐकायला मिळायचं नाही.

साठ सालच्या वैशाखात भागूबाई गेली. झोपेतच गेली, कोंडाबाईला सकाळी कळलं. त्याच्या चार दिवस आधी पालीहून बोलावणं आलं होतं. राजगडाखालच्या एका ओढ्याला भिंत घालायची होती, ओढ्यात एक खोल डबकं होतं.

ती पहाटे निघाली, वाटेत फुलाबाईला घेतलं, दोघी दहाच्या सुमाराला पोचल्या. ओढ्यावर पालीच्या बायका कळश्या घेऊन उभ्या होत्या, पितळेच्या, चकचकीत घासलेल्या. भागूबाईनं त्यांच्याकडे बघून निःश्वास टाकला.

"छान घासल्यात गं," ती म्हणाली. "घरला न्ह्या. पाव्हण्याला पाणी द्याया व्हतील."

बायका तोंडाकडे बघत राहिल्या. तिनं त्यांना खाली बसवलं आणि आपलं सगळं सांगितलं, चिंचेपासून. मग घरोघरची मडकी आली. तिनं प्रत्येकात बोट बुडवून चाखलं. दोन बाजूला काढली, एकात लोणच्याचा खार होता. लुगडं पसरलं, एका मडक्यात दोन मासे, वर पान. वाटेत एक मुलगी भराभर चालायला लागली तर तिला दामटलं, "पाणी हालवू नगं. ते काय लोणी न्हाई वर यायला."

वरच्या डोहाशी गेल्यावर ती काठावर बसली. मडक्याचं तोंड पाण्याखाली धरलं आणि थांबली. मासा बाहेर येईना.

"मावशी, वता की," एकजण म्हणाली.

"येऊ दे त्येच्या मनानं."

ती तशीच हात धरून बसली. पाणी मडक्यात आत-बाहेर होत राहिलं. बऱ्याच वेळानं मासा तोंडाशी आला, थबकला, आणि गेला. मग दुसरा. तिनं मडकं विसळलं, पुढची बाई बोलावली. सगळी मडकी झाल्यावर तिनं पदरानं हात पुसले, कोणीतरी दिलेला गुळाचा खडा फुलाबाईला अर्धा दिला, आणि विचारलं, वेल्ह्याकडे जाणारी गाडी आहे का.

गाडी नव्हती.

"मग चल फुले," ती म्हणाली, "ऊन उतरलंय," आणि चुंबळ डोक्यावर ठेवून ती उठली.